लॅक्रॉस स्टिकचं पॉकेट घरी कसं विणायचं: जाळीच्या निवडीपासून शेवटच्या गाठीपर्यंत

लॅक्रॉसमध्ये चेंडू झेलायचा, घेऊन पळायचा आणि फेकायचा तो जाळी लावलेल्या स्टिकने. नवी स्टिक घेताना बहुतेक जण आधी हेडची, म्हणजे जाळी लावायच्या चौकटीची, कंपनी बघतात, मग शाफ्टचं, म्हणजे दांड्याचं, वजन, आणि पॉकेटकडे, म्हणजे जाळीच्या झोळीकडे, सगळ्यात शेवटी लक्ष जातं. मी हा क्रम उलटा लावतो. झेल, क्रेडल (चेंडू आत राहावा म्हणून स्टिक झुलवणं), पास आणि शॉट या चारही वेळी चेंडू असतो तो जाळीत. साध्या हेडमध्ये नीट विणलेलं पॉकेट असेल तर चेंडू सांगाल तिथे जातो. महागड्या हेडमधलं पॉकेट वाकडं असेल तर चांगला हात असलेला खेळाडूही पासागणिक वैतागतो आणि चूक आपल्या मनगटात शोधत बसतो.

कोल्हापुरात हे काम स्वतःला येण्याला पर्याय नाही. फुटबॉलचा बूट उसवला तर कोपऱ्यावर चांभारदादा आहेत, बॅटची मूठ बदलायला खेळाच्या सामानाचं दुकान आहे. लॅक्रॉसची जाळी बांधून देणारं दुकान मात्र शोधूनही सापडायचं नाही. दुसरीकडे खेळ जवळ येतोय. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात, क्रिकेटसोबतच, 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी लॅक्रॉसलाही मंजुरी मिळाली. तिथे खेळला जाणार आहे तो सिक्सेस हा प्रकार: दोन्हीकडे सहा-सहा खेळाडू, 70 बाय 36 मीटरचं मैदान, 30 सेकंदांचं शॉट क्लॉक, म्हणजे तेवढ्या वेळात शॉट घ्यायचाच. एवढं मैदान आपल्याकडच्या फुटबॉल ग्राउंडवर आरामात आखता येतं. त्यामुळे पोरं वाढतील आणि त्यांच्यासोबत सैल झालेली पॉकेटंही वाढतील. प्रत्येक गटात निदान दोघांना तरी विणता आलंच पाहिजे.

हेडचे भाग

दोरी हातात घेण्याआधी हेड नीट बघून घ्या. पुढचं गोलाकार टोक म्हणजे स्कूप. दोन्ही बाजूंच्या उभ्या भिंती म्हणजे साइडवॉल. खाली जिथे हेड निमुळतं होऊन शाफ्टला मिळतं तो थ्रोट. स्कूपला, साइडवॉलच्या खालच्या कडेला आणि थ्रोटजवळ भोकं असतात. या भोकांची संख्या आणि अंतर प्रत्येक हेडमध्ये वेगळं असतं. म्हणूनच इंटरनेटवरचा एखादा पॅटर्न जसाच्या तसा उतरवला की बिघडतो, कारण तो वेगळ्या हेडसाठी लिहिलेला असतो. डाव्या आणि उजव्या भिंतीवरची भोकं मोजून वहीत लिहून ठेवा. ही वही पुढे लागणार आहे.

जाळी कोणती घ्यावी

जाळीच्या एकेका घराला डायमंड म्हणतात. मैदानातल्या खेळाडूची नेहमीची जाळी 10 डायमंड रुंद असते: एका ओळीत 10, पुढच्या ओळीत 9, पुन्हा 10. गोलरक्षकाचं हेड फार रुंद असल्यामुळे त्याची जाळी साधारण 12 डायमंडची असते. याहून कमी आणि मोठे डायमंड असलेली जाळी वजनाला हलकी पडते, पण तिच्यात आकार अचूक बसवायला हात सरावलेला लागतो. पहिल्यांदा विणणाऱ्याने 10 चीच घ्यावी.

खरा प्रश्न कडकपणाचा आहे. सॉफ्ट जाळी मऊ कापडासारखी पडते. ती लगेच मुरते आणि जोरात आलेला चेंडू अलगद झेलते, पण आकार लवकर सोडते. हार्ड जाळीवर कोटिंग असतं. ती आकार धरून ठेवते, चेंडू झटकन सुटतो, पण मुरायला वेळ घेते आणि सुरुवातीला चेंडू तिच्यावरून उडतो. या दोन्हींच्या मध्ये सेमी-सॉफ्ट आणि सेमी-हार्ड. नव्या खेळाडूला मी डोळे झाकून सेमी-सॉफ्ट सांगतो. झेलायला ती माफ करते आणि विणताना झालेली छोटी चूक खपवून घेते. वर्षभर खेळल्यावर आपल्याला काय हवं ते हातालाच कळतं, तेव्हा सेमी-हार्डकडे जावं.

आता आपल्या गावाचा मुद्दा. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात मैदान कोरडं मिळणं अवघड. नायलॉन पाणी शोषतं आणि भिजलं की सैल पडतं, त्यामुळे जुलैत भिजलेल्या साध्या नायलॉनच्या जाळीत पॉकेट बघता बघता खोल जातं. पॉलिस्टरसारखे धागे पाणी फारसं घेत नाहीत. मेण चढवलेली जाळीही पाणी अडवते आणि चेंडूला जरा जास्त पकडते. पावसाळ्यात खेळणार असाल तर पाकिटावर पाणी न शोषणारा धागा किंवा मेणाचं कोटिंग लिहिलं आहे का, ते आधी वाचा. एकच जाळी परवडत असेल तर पावसाचा विचार करूनच घ्या, कारण पावसात टिकणारी जाळी उन्हाळ्यातही चालते.

जाळी ऑनलाइनच मागवावी लागते, आणि तिथे पैसे वाचवण्याच्या नादात दुसरं काही लावू नका. मासे धरायची जाळी, फुटबॉल गोलची जाळी, क्रिकेटच्या नेट्सची जाळी, असले प्रयोग होत असतात. या जाळ्यांची घरं आकाराने वेगळी असतात, अनेकींत प्रत्येक चौकटीला गाठ असते, आणि चेंडू घरंगळताना त्या गाठींवर अडखळतो. मुख्य म्हणजे लॅक्रॉसची जाळी लांबीत ताणली की रुंदीत आवळते, आणि पॉकेटचा आकार याच गुणावर उभा राहतो. बाकी सगळं गावात मिळेल, जाळी मात्र खरी हवी.

दोऱ्या आणि हत्यारं

दोन साइडवॉल दोऱ्या, एक टॉप स्ट्रिंग, एक बॉटम स्ट्रिंग आणि दोन ते तीन शूटर (स्कूपजवळ आडव्या ओवायच्या दोऱ्या), एवढं सामान लागतं. साइडवॉलसाठी साधारण सव्वा मीटरच्या दोन, बाकीच्या मीटरभर घ्या. उरलेलं कापता येतं, कमी पडलेलं जोडता येत नाही.

या दोऱ्यांसाठी लक्ष्मीपुरी किंवा शाहूपुरीतल्या दोरी-सुतळीच्या दुकानात चक्कर मारा आणि विणीची, म्हणजे वेणीसारखी गुंफलेली, सुमारे 2 मिलिमीटर जाडीची नायलॉन किंवा पॉलिस्टर दोरी मागा. पिळाची दोरी घेऊ नका, भोकातून चार वेळा ओढली की तिचा पीळ सुटतो. दुकानातच दोरी दोन्ही हातांत धरून जोरात ताणा. रबरासारखी लांबत असेल तर ठेवून द्या. शूटरसाठी बुटाची चपटी, मजबूत लेस चालते. ती खरबरीत असल्याने चेंडूला धरते. गोल नायलॉन दोरीचा शूटर गुळगुळीत असतो, त्यावरून चेंडू पटकन सरकतो.

हत्यारांत कात्री, लायटर, बारीक पकड आणि एक बोथट टोकाची आरी. आरी चप्पल कारागिरांकडे असते तशी, फक्त टोक घासून बोथट केलेली. घट्ट बसलेली गाठ सोडवायला तिच्यासारखं काही नाही. लायटर दोरीची टोकं वितळवून बंद करण्यासाठी. वितळलेलं नायलॉन कातडीला चिकटतं आणि वाईट भाजतं, म्हणून टोक बोटांनी कधीही दाबू नका, पकडीने किंवा फरशीवर दाबा. घरात लहान मुलं असतील तर हा भाग मोठ्यांनीच करावा.

चेंडूही खरा लागेल. लॅक्रॉसचा चेंडू भरीव रबराचा, घेर 7.75 ते 8 इंच, म्हणजे व्यास साधारण 6.3 सेंटिमीटर, आणि वजन 142 ते 149 ग्रॅम. टेनिसचा चेंडू आकाराने जवळ जातो पण 60 ग्रॅमही भरत नाही, त्यावर पॉकेटची परीक्षा होत नाही. क्रिकेटचा सीझन बॉल त्याहून वाईट. तो व्यासाने सात सेंटिमीटरच्या वर आणि वजनालाही जास्त. त्याने पॉकेट मुरवलं तर चॅनेल, म्हणजे जाळीतली चेंडू घरंगळायची वाट, रुंद होतो आणि खरा चेंडू त्यात डगमगत राहतो.

जाळी तयार करणं

पाकिटातून काढलेली जाळी लगेच बांधू नका. आधी लांबीत ताणा, मग रुंदीत, पुन्हा लांबीत. एका टोकाला पायाने दाबून दुसरं टोक दोन्ही हातांनी ओढलं तरी चालेल. हे पाच-सात मिनिटं शांतपणे करा. जाळीत कारखान्यातून आलेल्या घड्या असतात. त्या आत्ता निघाल्या नाहीत तर खेळताना निघतात, आणि मग तुम्ही मोजून बसवलेला ताण आठवड्यात बदलतो.

त्यानंतर वरची कड ठरवा. पहिली ओळ मागे दुमडा, म्हणजे दुमडलेल्या भागात डायमंडवर डायमंड येऊन कड दुहेरी होईल. स्कूप सतत जमिनीला घासतो, तिथे एकेरी जाळी पहिल्या पावसाळ्यातच फाटते.

टॉप स्ट्रिंग

हेड पालथं धरा: चेंडू आत येतो ती बाजू खाली, पाठ वर. दोरीच्या एका टोकाला निरगाठ मारा, स्कूपच्या अगदी कडेच्या भोकातून ओवा आणि गाठ बाहेरच्या अंगाला अडकू द्या. 10 डायमंडची ओळ असेल तर दोन्ही कडांचा एकेक डायमंड साइडवॉलसाठी सोडा. राहिले आठ. त्यातले चार स्कूपच्या मध्याच्या डावीकडे, चार उजवीकडे यायला हवेत. ओळ 9 ची असेल तर पाचवा डायमंड बरोबर मध्यावर. मध्य डोळ्याने ठरवू नका, भोकं मोजून ठरवा.

दोरी डायमंडमधून न्या, भोकातून बाहेर काढा, प्लॅस्टिकला वळसा घाला आणि आलेल्या दोरीखालून काढून आवळा. दोरी स्वतःच्याच खाली दबली की गाठ न मारताही जागेवर बसते. याला लॉक म्हणू. असंच पुढच्या भोकाला, शेवटपर्यंत. प्रत्येक लॉक बसवताना आधीचा सैल झाला नाही ना, हे अंगठ्याने तपासा.

इथे एकच नियम: जेवढं घट्ट करता येईल तेवढं घट्ट. टॉप स्ट्रिंग लोंबली तर सुटताना चेंडू स्कूपच्या आतल्या ओठाला आपटतो आणि पास सरळ जमिनीत जातो. पूर्ण झाल्यावर मधोमध बोट दाबून बघा. जाळी प्लॅस्टिकपासून सुटून खाली जात असेल तर सगळं सोडून पुन्हा बांधा.

साइडवॉल: सगळा खेळ इथे आहे

पॉकेट कुठे पडणार, किती खोल होणार, चॅनेल सरळ राहणार की वाकडा, हे सगळं या दोन दोऱ्या ठरवतात. एक तत्त्व समजलं की कुठलाही पॅटर्न तुम्हाला स्वतः बनवता येईल, म्हणून जरा थांबून वाचा.

दोन भोकांमधलं प्लॅस्टिकचं अंतर ठरलेलं आहे, ते बदलत नाही. त्या अंतरात तुम्ही किती जाळी बांधता ते तुमच्या हातात आहे. थोड्या अंतरात जास्त डायमंड कोंबले की जास्तीची जाळी खाली झोळ धरते आणि तिथे पॉकेट तयार होतं. जास्त अंतरावर एकच डायमंड ताणून बांधला की जाळी तिथे ताठ राहते आणि चेंडूसाठी उतार तयार होतो. पॉकेट हवं तिथे जाळी कोंबायची, उतार हवा तिथे ताणायची. जगातले सगळे पॅटर्न याच दोन हालचालींचे बनलेले असतात.

आता पॉकेट कुठे हवं? थ्रोटजवळ ठेवलं तर चेंडू हाताच्या जवळ बसतो, पळताना आणि क्रेडल करताना पकड छान मिळते, शॉटला लांब उतार मिळतो. स्कूपकडे सरकवलं तर चेंडू पटकन सुटतो आणि जमिनीवरून उचललेला चेंडू लगेच जागेवर बसतो. बचाव करणाऱ्या खेळाडूंना हे आवडतं. मधोमध ठेवलं तर दोन्हीचं थोडं थोडं मिळतं. सिक्सेसमध्ये प्रत्येकालाच धावत जाऊन बचावही करायचा असतो आणि गोलही मारायचा असतो, शिवाय 30 सेकंदांत चेंडू फिरवून शॉट घ्यायचा असतो. म्हणून त्या खेळासाठी मी मधलं पॉकेट सुचवतो. नव्या खेळाडूलाही तेच.

बांधायची रीत अशी. दोरीच्या टोकाला निरगाठ, सगळ्यात वरच्या साइडवॉल भोकातून बाहेरून आत. कडेच्या, आधी सोडलेल्या डायमंडमधून दोरी न्या, पुढच्या भोकातून बाहेर काढा, खालच्या कडेला वळसा घालून परत आत आणा आणि आलेल्या दोरीखालून काढून थ्रोटच्या दिशेने ओढा. तोच लॉक. ओढताना जाळी भिंतीला चिकटून बसली पाहिजे. मध्ये फट राहिली तर चेंडू तिथे घासतो.

एका बाजूला 10 भोकं असलेल्या हेडसाठी मधल्या पॉकेटची सुरुवात अशी करता येईल. कडेचे डायमंड वरून खाली मोजायचे:

भोक 1: गाठ
भोक 2: डायमंड 1
भोक 4: डायमंड 2 (भोक 3 मुद्दाम सोडलं, इथे जाळी ताणते)
भोक 5: डायमंड 3
भोक 6: डायमंड 4 आणि 5 एकत्र
भोक 7: डायमंड 6 आणि 7 एकत्र
भोक 8: डायमंड 8
भोक 9: डायमंड 9
भोक 10: डायमंड 10 आणि शेवटची गाठ

भोक 6 आणि 7 पाशी दोन-दोन डायमंड एकत्र आवळले आहेत, तिथे झोळ पडेल. पॉकेट खाली हवं असेल तर ही दुहेरी जोडी भोक 7 आणि 8 वर न्या, वर हवं असेल तर 5 आणि 6 वर. तुमच्या हेडला भोकं कमी-जास्त असतील तर आकडे बदलतील, तत्त्व बदलणार नाही.

एक बाजू पूर्ण झाली की दुसरी हुबेहूब तशीच. भोकांचे आकडे जुळणं पुरेसं नाही, ताणही जुळला पाहिजे. आपला उजवा हात डाव्यापेक्षा जोरात ओढतो, म्हणून दुसरी बाजू बांधताना हेड फिरवून घ्या, म्हणजे दोन्हीकडे तोच हात ओढेल. मी दोन्ही बाजू एकदम पुढे नेतो: डावीकडे दोन भोकं, मग उजवीकडे दोन. वेळ जास्त लागतो, पण वाकडेपणा सुरुवातीलाच दिसतो. शेवटच्या गाठी आधी सुरगाठ मारून ठेवा. पॉकेट तपासून झाल्यावरच पक्की निरगाठ.

पॅटर्न वहीत लिहा, तारीख टाका, हेडचं नाव टाका. चांगलं जमलेलं पॉकेट वर्षभराने थकलं की तेच पुन्हा हवं असतं, आणि तेव्हा कोणालाच काही आठवत नाही. जमलंच तर दोन्ही बाजूंचे फोटोही काढून ठेवा.

बॉटम स्ट्रिंग

ही दोरी जाळीचं खालचं तोंड बंद करते आणि खोली कमी-जास्त करायची किल्लीही हीच. थ्रोटच्या एका बाजूच्या भोकातून आत, मग जाळीच्या एका ओळीतल्या मधल्या चार-पाच डायमंडमधून वर-खाली ओवत दुसऱ्या बाजूच्या भोकातून बाहेर. जाळी आणि थ्रोटमधून चेंडू निसटणार नाही इतपत आवळा. दोन्ही टोकांना गाठी बाहेरच्या अंगाला ठेवा आणि निदान चार बोटं दोरी शिल्लक सोडा. भिजल्यावर पॉकेट खोल गेलं तर मैदानातच ही दोरी ओढून सामना निभावता येतो. खाली लोंबणारी जास्तीची जाळी पहिले पंधरा दिवस कापू नका.

शूटर

स्कूपजवळ आडव्या ओवलेल्या या दोऱ्या चेंडू सुटताना त्याला शेवटचा धक्का देतात. पहिला शूटर वरून तिसऱ्या ओळीच्या आसपास, दुसरा त्याच्या खाली साधारण इंचभर. ओवायची पद्धत: दोरी मधोमध दुमडा, एक टोक जाळीच्या वरून आणि एक खालून घ्या, आणि प्रत्येक डायमंडमध्ये दोघांची अदलाबदल करत दुसऱ्या कडेपर्यंत जा. दोन्ही टोकं साइडवॉलच्या भोकातून बाहेर काढून गाठ.

शूटर जितके जास्त, जितके घट्ट आणि जितके खरबरीत, तितका चेंडू जाळीत उशिरापर्यंत अडकून राहतो आणि खाली झुकून सुटतो. याला व्हिप म्हणतात. मी वरचा शूटर गोल नायलॉनचा आणि खालचा लेसचा ठेवतो. वरून चेंडू मोकळा सुटतो, खाली हाताला तो जाणवत राहतो. सुरुवातीला दोनच पुरेत.

शूटर किती खाली न्यायचे याला नियम आहे. अमेरिकेच्या कॉलेज लॅक्रॉसमध्ये 2013 पासून शूटर स्कूपच्या टोकापासून 4 इंचांच्या आतच असावे लागतात. त्याआधी यू आणि व्ही आकाराचे लांब शूटर सर्रास दिसायचे, जुन्या व्हिडिओंत ते आजही दिसतात. बघून नक्कल करू नका. स्पर्धेत उतरण्यापूर्वी आयोजकांची नियमावली मागून घ्या आणि मोजपट्टी लावा.

मुरवणं

नवं पॉकेट कोरडं आणि उथळ असतं. चेंडू पॉकेटच्या जागी ठेवून लाटण्याच्या गोल टोकाने दाबत राहा. मधूनच चेंडू चॅनेलमधून स्कूपपर्यंत घासत न्या. रात्री चेंडू आत ठेवून वरून दोरीने बांधून ठेवला तरी चालतं. खलबत्त्याचा बत्ता किंवा डंबेल लटकवून खोली आणायच्या भानगडीत पडू नका. जाळी जिथे वजन पडतं तिथेच फुगते आणि चॅनेल मोडतो.

याहून चांगला उपाय भिंतीचा. मोकळी, पक्की भिंत शोधा, चार-पाच मीटरवर उभे राहा आणि रोज अर्धा तास चेंडू मारा आणि झेला. उजव्या हाताने जितके, तितकेच डाव्याने. पॉकेट तुमच्या फेकीनुसार बसतं, म्हणून दुसऱ्याच्या हातून मुरवून घेतलेली स्टिक कधीच पूर्ण आपली वाटत नाही. सेमी-सॉफ्ट जाळी काही दिवसांत मुरते, हार्डला आठवडे लागतात.

तपासणी आणि दुरुस्ती

पहिली तपासणी खोलीची. स्टिक आडवी, डोळ्यांच्या पातळीवर धरा, चेंडू पॉकेटमध्ये ठेवा आणि बाजूने बघा. पुरुषांच्या नियमांत चेंडूचा वरचा भाग साइडवॉलच्या खालच्या कडेच्या खाली गेलेला चालत नाही. चेंडू आणि कड यांच्यामधून उजेड दिसला तर पॉकेट बाद. मग स्टिक उलटी करा, चेंडू आपोआप खाली पडला पाहिजे.

दुसरी तपासणी सरळपणाची. हेड थोडं तिरपं करून चेंडू थ्रोटकडून स्कूपकडे सावकाश घरंगळू द्या. तो स्कूपच्या मधोमध बाहेर पडायला हवा. एकीकडे ओढला जात असेल तर दोन्ही साइडवॉल भोकागणिक जुळवून बघा. फरक बहुतेक वेळा पॉकेटच्या दुहेरी जोडीपाशीच सापडतो. वरून शूटर ओढून वाकडेपणा झाकायचा मोह होतो. त्याने पहिल्या दिवशी बरं वाटतं आणि आठवड्यात मूळ दोष वर येतो.

तिसरी तपासणी फेकीची. एकाच लक्ष्यावर वीस-पंचवीस पास मारा आणि चेंडू कुठे जातो याकडे नुसतं लक्ष ठेवा, मनगट बदलून सावरून घेऊ नका. सगळे पास खाली जात असतील तर व्हिप जास्त आहे. आधी खालचा शूटर सैल करा, तरी फरक नाही पडला तर एक काढूनच टाका. सगळे वर उडत असतील तर पकड कमी आहे. शूटर थोडे आवळा किंवा नायलॉनच्या जागी लेस लावा. चेंडू सुटताना टक् असा आवाज येऊन खाली पडत असेल तर तो स्कूपला लागतोय, टॉप स्ट्रिंग बघा. झेलताना उसळून बाहेर जात असेल तर पॉकेट उथळ आहे, बॉटम स्ट्रिंग बोटभर सोडा. पळताना चेंडू आत डगमगत असेल तर चॅनेल रुंद झालाय. तेव्हा जाळी लांबीत जास्त ताणून साइडवॉल पुन्हा बांधण्यावाचून इलाज नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला. शूटरही आवळला, बॉटमही सोडली आणि पास सुधारला, तर कशाने सुधारला हे कळत नाही. प्रत्येक बदल वहीत.

मुली आणि गोलरक्षक

महिला लॅक्रॉसमध्ये अनेक वर्षं जाळीला परवानगी नव्हती. पॉकेट उभ्या वाद्या आणि आडव्या दोऱ्यांनी हाताने विणलेलंच लागायचं. अमेरिकेत 2018 च्या हंगामापासून महिलांच्या स्टिकलाही जाळी चालू लागली. खोलीचा नियम मात्र कडक आहे: चेंडूचा वरचा भाग साइडवॉलच्या वरच्या कडेच्या खाली जाता कामा नये. म्हणजे पुरुषांच्या मानाने पॉकेट फारच उथळ. भावाची जुनी जाळी बहिणीच्या हेडला बांधायची तर दुहेरी जोडी गाळून एका भोकाला एकच डायमंड असं सरळ बांधा, आणि कडक जाळी निवडा, म्हणजे ती आपणहून खोल जाणार नाही.

ज्यांना वाद्यांचं जुनं पॉकेट करून बघायचंय त्यांच्यासाठी कोल्हापूर चांगली जागा आहे. उत्तर अमेरिकेतल्या ज्या हौडेनोसौनी लोकांकडून आणि इतर मूळनिवासी समाजांकडून हा खेळ जगाकडे आला, ते लाकडी स्टिकमध्ये चामड्याच्या वाद्या वापरत. एकसारख्या रुंदीची, न ताणणारी चामड्याची वादी कापणारे हात आपल्या चप्पल कारागिरांकडे आहेत. चार वाद्या आणि आडव्या दोऱ्या, हे विणकाम वेगळं आणि वेळखाऊ आहे, पण जाळीपेक्षा बारीक जुळवता येतं, कारण प्रत्येक वादी स्वतंत्रपणे सैल-घट्ट करता येते.

गोलरक्षकाचं सगळं उलट. पुरुषांच्या मैदानी खेळात त्याच्या पॉकेटला खोलीची मर्यादा नसते. त्याला अंगावर येणारा शॉट आत घेऊन तिथेच थांबवायचा असतो. मऊ जाळी, मोठी खोल पिशवी, पण वरच्या भागात ताठ उतार, नाहीतर थांबवलेला चेंडू पुढे लांब फेकता येत नाही.

पावसाळ्यात काळजी

चिखलात खेळून आलात की हेड साध्या पाण्याखाली धरून जाळीतली माती आधी काढा. वाळलेली माती धाग्यांत बसली की ती प्रत्येक हालचालीला धागा घासते. धुतल्यावर कोरड्या कापडाने टिपा, आत चेंडू किंवा कागदाचा बोळा ठेवून आकार सावरा आणि पंख्याखाली वाळवा. चुलीजवळ, गॅसजवळ किंवा एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत स्टिक ठेवू नका. मेणाची जाळी मऊ पडते आणि हेडचं प्लॅस्टिकही वाकतं. ओली स्टिक किटबॅगेत बंद करून ठेवली तर वास तर येतोच, शिवाय जाळी भिजलेल्या अवस्थेत दाबून राहते आणि तोच वाकडा आकार घेते.

दर आठवड्याला साइडवॉलच्या दोऱ्या बोटाने चाचपा. त्या प्लॅस्टिकच्या कडेवर घासतात आणि बाहेरून शाबूत दिसत असताना आतून झिजतात. धागे उसवलेले दिसले की त्या बाजूची दोरी बदला, आणि एक बदलली तर दुसरीही बदला, कारण जुन्या-नव्या दोरीचा ताण कधीच जुळत नाही. किटबॅगेत दोन साइडवॉल दोऱ्या, एक बॉटम स्ट्रिंग, बुटाची एक लेस, लायटर आणि बोथट आरी एका डब्यात कायम ठेवा. डब्याच्या झाकणाला आतून तुमच्या पॅटर्नची चिठ्ठी चिकटवा, म्हणजे सामन्यादरम्यान दोरी तुटली तरी बाजूला बसलेला दुसरा खेळाडूही ती वाचून तेवढी बाजू बांधून देऊ शकेल.